पिवळा दिवा आणि चार रुपयांचे रेझिस्टर

'गाडी लीन चालतेय' असं स्कॅनरने सांगितलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो, 'सेन्सरच मॉडिफाय कर'. घरच्या जुन्या हॅचबॅकवर हा उद्योग करून बघितला, त्याची ही गोष्ट.

साखरप्याला चहाला थांबलो होतो. आजीच्या डोळ्यांची तपासणी करून कोल्हापूरहून रत्नागिरीला परत येत होतो. आंबा घाटात धुकं, वर पाऊस, त्यामुळे आधीच सगळे गप्प. चहा झाला, बाबांनी स्टार्टर मारला आणि मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. इंजिन बंद पडलं नाही, पण उभ्या जागी थरथरायला लागलं. आजीने मागून विचारलं, "काय रे, घरापर्यंत नेईल ना ही?"

नेलं. पण पाली, हातखंबा करत घरी पोचेपर्यंत बाबांचं ठरलं होतं: "आता काढून टाकू हिला." गाडी २०१४ची. दारात उभी असली तरी समुद्राची खारी हवा खाणारी. अ‍ॅव्हरेज गेले काही महिने घसरत होतं, सोळावरून तेरावर आलं होतं. पण आजीची पुढची तारीख पंधरा दिवसांवर होती आणि तिला एसटीने तो घाट चढवणं कोणालाच पटत नव्हतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा घरात एकट्या माझ्याकडे. म्हटलं, "मी बघतो."

माझ्याकडे मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं ते छोटं ओबीडी यंत्र होतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचलं, अ‍ॅप उघडलं. कोड आला पी०१७१. अर्थ: मिश्रण प्रमाणाबाहेर लीन. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

मग जे सगळे करतात तेच केलं. व्हिडिओ बघितले. दहातल्या चारांचा सल्ला एकच होता: ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर टाका, गाडीला पेट्रोल वाढेल, प्रॉब्लेम खल्लास. मारुती मंदिरच्या बाजूला जाऊन चार रुपयांचे दोन रेझिस्टर आणले. नवीन सेन्सर सांगत होते चार हजारांच्या वर. कुठलाही डिप्लोमावाला या दोन आकड्यांमध्ये काय निवडेल ते सांगायला नको.

सेन्सर नेमकं करतो काय?

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण बरोबर साधलं तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपलं काम नीट करतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स या तिन्ही घाणी एकदम कमी करतो. प्रमाण जरा इकडेतिकडे झालं की तिघांपैकी कोणीतरी निसटतं. म्हणून इंजिनाला कोणीतरी सतत 'जास्त झालं', 'कमी झालं' असं सांगणारा लागतो.

तो सांगणारा म्हणजे हा सेन्सर, ज्याला लॅम्बडा सेन्सरही म्हणतात. बॉशने तो बनवला आणि १९७६मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम तेव्हा इतके कडक झाले होते, की कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून भागणार नव्हतं. आपल्याकडे हे सगळं यायला वेळ लागला. शिसं मिसळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरला आणि सेन्सरला दोघांनाही मारतं, त्यामुळे आधी पेट्रोलमधून शिसं जायला हवं होतं. १९९५मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि देशभरातून शिसंवालं पेट्रोल गेलं ते २०००च्या फेब्रुवारीत.

आत झिर्कोनियाच्या चिनीमातीची एक छोटी टोपी असते, तिच्यावर प्लॅटिनमचा थर. टोपीच्या बाहेरून सायलेन्सरचा धूर जातो, आत बाहेरची स्वच्छ हवा असते. टोपी तीनशे अंशांच्या पुढे तापली, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर थोडा विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरलेला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, उरलेला नसेल तर ०.९च्या आसपास. मध्ये ०.४५. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्या ०.४५च्या रेषेवर डोळा ठेवून असतो. खाली गेलं की पेट्रोल वाढवतो, वर गेलं की कमी करतो. एका सेकंदात एकदोनदा ही वरखाली चालू असते. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय, त्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. अ‍ॅपवर तो दिसतो. शून्याच्या आसपास असेल तर गाडी सुखात आहे.

आमच्या गाडीचा उभ्या जागी होता अधिक २४. ईसीयूने देता येईल तेवढं पेट्रोल दिलं होतं आणि मग हात वर करून दिवा लावला होता.

हा २४ बघून तरी मी थांबायला हवं होतं.

जुगाड

रेझिस्टरची युक्ती कागदावर झकास आहे. सेन्सरच्या चार वायरींपैकी दोन त्याच्या हीटरच्या, एक अर्थची आणि एक सिग्नलची. सिग्नलच्या वायरीत दोन रेझिस्टर असे टाकायचे, की सेन्सरने ०.६ व्होल्ट पाठवले तर ईसीयूला ०.४५च दिसावेत. ईसीयूला वाटतं, गाडी लीन आहे. तो पेट्रोल वाढवतो. उलटी जोडणी करून ईसीयूला 'सगळं ठीक आहे' असंही सांगता येतं, म्हणजे दिवा तेवढा बंद. दोन्ही प्रकार लोक करतात.

मी पहिला केला. सोल्डर केलं, वर टेप मारली, कोड पुसला. दिवा गेला. बाबांना दाखवलं. फिरायला म्हणून भाट्याचा पूल ओलांडून पुढपर्यंत जाऊन आलो. गाडी हलकी वाटली, निदान मला तसं वाटायचं होतं.

याआधी कोड नुसता पुसला होता तेव्हा दिवा परत यायला चार दिवस लागले होते. या वेळी तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच आला. शिवाय गाडी उभी केली की पेट्रोलचा वास आणि त्याच्या जोडीला सडक्या अंड्याचा वास. आई म्हणाली, "गटार तुंबलंय का बघ रे कुठे." गटार नव्हतं. पेट्रोलचा भार जास्त झाला की कन्व्हर्टर असा वास सोडतो. जास्तीचं पेट्रोल त्याच्या आत जाऊन जळतं, तो नको तेवढा तापतो आणि आतली जाळी वितळून बसूही शकते. त्याची किंमत बघितली आणि चार हजारांचा सेन्सर एकदम स्वस्त वाटायला लागला.

गाडी घेऊन एमआयडीसीजवळच्या एका छोट्या गॅरेजात गेलो. चालवणारे चाचा साठीच्या पुढचे. मी मोबाइल पुढे केला, कोड दाखवला, ट्रिम दाखवला, रेझिस्टरचंही खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोबाइलकडे काही बघितलं नाही आणि प्लगपाना उचलला.

पहिला प्लग बाहेर आला. काळाकुट्ट. दुसरा तसाच.

"लीन गाडीचा प्लग असा असतो काय?" चाचा म्हणाले. "लीनचा प्लग पांढरा पडतो. बरोबर असेल तर बिस्किटासारखा. हा चुलीतला आहे. तुझी गाडी पेट्रोल पिऊन झिंगलेय आणि तू तिला आणखी पाजतोयस."

मी म्हटलं, दोन दिवसांचा जुगाड आहे म्हणून काळा असेल. त्यांनी नखाने काजळी खरवडून दाखवली. "एवढा थर दोन दिवसांत बसत नाही. उद्या सकाळी ये. थंड गाडी घेऊन ये, तापवून आणू नको." रेझिस्टर त्यांनी तिथेच कापून माझ्या हातात दिले.

आता हे कोडं बघा. सेन्सर म्हणतोय धुरात ऑक्सिजन आहे, म्हणजे गाडी लीन. प्लग म्हणतोय गाडी रिच. दोघांपैकी कोण खोटं बोलतंय?

दोघंही खरं बोलत होते.

सकाळी गाडी टोचन करून नेली. चाचांनी स्टार्टर मारला आणि मला बॉनेटपाशी उभं केलं. बारीक टक-टक-टक आवाज येत होता. मी तो रोज सकाळी ऐकत होतो आणि टॅपेटचा समजत होतो. गॅरेजातल्या पोराने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरलं तसा पुढे कुठेतरी फुस्स-फुस्स आवाज वाढला. चाचांनी साबणाचं पाणी घेऊन मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाइपाच्या जोडावर शिंपडलं. बुडबुडे आले. टॉर्च मारला तर जोडाच्या कडेने काजळीची एक काळी रेघ, आणि दोनपैकी एका बोल्टाचा गंजून निम्मा झालेला दांडा. मधलं पॅकिंग एका बाजूने खाल्लं गेलं होतं. सेन्सर त्या जोडाच्या पुढे चार बोटांवर.

सायलेन्सरमधून धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. धक्का आला की फटीतून धूर बाहेर पडतो, ती टकटक. पण दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला धुरात ऑक्सिजन दिसतो तो हा, रत्नागिरीचा. इंजिनाच्या आतला नव्हेच. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत राहतो, फटीतली हवा काही कमी होत नाही. महिनोन्‌महिने गाडी रिच चालली, अ‍ॅव्हरेज गेलं, प्लग काळे झाले आणि कोड मात्र 'लीन'चा आला. त्यात मी तिला रेझिस्टर लावून आणखी पेट्रोल द्यायला भाग पाडलं.

"समुद्राची हवा," चाचा म्हणाले. "इथला बोल्ट घाटावरच्यासारखा सुटत नाही." खरंच सुटला नाही. गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, तरी एक तुटलाच. ड्रिल मारून काढावा लागला. नवं पॅकिंग, दोन नवे स्टड-नट, प्लग साफ आणि मजुरी, सगळं मिळून हजाराच्या आत.

मला नंतर कळलं, की उत्तराचा एक धागा माझ्या मोबाइलमध्येही होता. ट्रिम मी फक्त उभ्या जागी बघितला होता. इंजिन २५०० फेऱ्यांवर धरलं असतं तर तो अधिक २४वरून ९वर आलेला दिसला असता. उभ्या जागी जास्त आणि रेस केल्यावर कमी, असं असेल तर संशय हवेच्या गळतीवर घ्यायचा: इनटेकचा फाटलेला होज, निसटलेली व्हॅक्यूमची नळी किंवा आमच्यासारखा सायलेन्सरचा जोड. उलट, चढावर, लोड आल्यावर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलच पुरत नाहीये. मग फिल्टर, पंप आणि इंजेक्टर बघायचे. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदराने कुरतडलेली नळी हाही आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. सेन्सर स्वतः खराब होत नाही असं नाही. लाखभर किलोमीटरनंतर तो सुस्तावतो, आणि इंजिनावर साधं सिलिकॉन फासलं तर त्याच्या वाफेनेही मरतो. पण तेव्हा तो बदलायचा असतो. थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून कोणाचा ताप उतरत नाही.

उरलेले सहा टक्के

पॅकिंग बदलल्यावर दोन दिवस गाडी चालवली आणि परत ट्रिम बघितला. उभ्या जागी अधिक ६. रेस केल्यावर अधिक ७. दिवा नाही, टकटक नाही, पण शून्यही नाही. मला वाटलं अजून कुठेतरी गळती आहे. चाचा म्हणाले, "ते पंपावरचं आहे, गाडीतलं नाही."

इथेनॉल. देशात १० टक्के मिश्रण २०२२च्या जूनमध्ये साधलं, २० टक्केवालं पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीत विकायला आलं आणि पुढे तेच सर्रास झालं. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो. म्हणून एक ग्रॅम इथेनॉल जाळायला नऊच ग्रॅम हवा पुरते, पेट्रोलसारखी १४.७ लागत नाही. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन हवं. जुनी गाडी जुन्या हिशेबाने इंधन सोडते, धुरात ऑक्सिजन उरतो, सेन्सर ओरडतो आणि ईसीयू सहा-सात टक्के वाढवून देतो. सेन्सर नसता तर गाडी खरोखरच लीन चालली असती. ज्याला मी गंडवायला निघालो होतो तोच रोज पंपावरच्या पेट्रोलशी जुळवून घेत होता.

याची किंमत अ‍ॅव्हरेजमध्ये मोजावी लागते, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. निती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी ट्यून केलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल असं लिहिलंय. आमची गाडी सोळावर परत गेली नाही, पंधराच्या जरा वर थांबली. कोल्हापूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस लागतो तेव्हा बाबा आता म्हणतात, "हे बघ, आपलं एक किलोमीटर इथे गेलं."

बाइकवाल्यांसाठी थोडं वेगळं. २०२०च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-६ बाइकना सेन्सर आहे, त्या स्वतःला सांभाळून घेतात. त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्या बाइकना सांगणारा कोणीच नाही. नव्या पेट्रोलवर सकाळी चोक जास्त वेळ लागत असेल, चढावर इंजिन उगाच तापत असेल, प्लग पांढरा पडत असेल तर ती खरोखर लीन आहे. तिथे स्क्रू किंवा जेट बदलणं हा खरा उपाय आहे, आणि तो जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावा.

आणि संध्याकाळी भाट्याच्या पुलावरून फटाके फोडत जाणारे आपले मित्र! कंपनीचा सायलेन्सर काढून फ्री-फ्लो लावला, त्याबरोबर कन्व्हर्टरही गेला, जोडातून हवा शिरायला लागली, म्हणून थ्रॉटल सोडला की फटफट. ती पॉवर नव्हे. मग त्यावर उतारा म्हणून सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये एक डबी बसवतात. माझ्या रेझिस्टरचंच हे महागडं भावंड. इंजिनात खरंच बदल केले असतील तर ईसीयूचा मॅप नव्याने बनवावा लागतो आणि तो बनवताना ०.४५वर टिचकी मारणारा साधा सेन्सर चालत नाही, प्रमाण आकड्यात सांगणारा वाइडबँड सेन्सर लागतो. रेसिंगवाले तेच करतात, ट्रॅकवर. रस्त्यावरच्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल चारचाकींना पीयूसीत उभ्या जागी कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो आणि रेस करून लॅम्बडा ०.९७ ते १.०३मध्ये. प्रदूषणाचे नियम मोडले तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ही माहिती मला व्हिडिओवाल्यांपैकी एकानेही दिली नव्हती.

आजीच्या तारखेला आम्ही याच गाडीने गेलो. साखरप्याला थांबलो तेव्हा आजीने चहा अर्धा ठेवून आधी मीटरकडे बघायला सांगितलं. दिवा नव्हता.

कन्व्हर्टरचं मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याच्या मागेही एक सेन्सर असतो, त्याची रेघ सपाट राहिली तर कन्व्हर्टर जिवंत, ती पुढच्या सेन्सरसारखी नाचायला लागली तर गेला. माझ्या त्या दोन दिवसांनी त्याला किती मार बसलाय ते लगेच कळणार नाही. सध्या रेघ बऱ्यापैकी सपाट आहे. दर रविवारी मोबाइल लावून बघतो.